शुक्रवारच्या सौनात सायकल

तौनोच्या सायकलचा पुढचा ब्रेक मऊ पडला. सगळ्या प्रकरणाचं मूळ एवढंच. लिव्हर दाबला की पूर्वी तो मध्येच घट्ट अडायचा. आता तो उकडलेल्या बटाट्यासारखा दबत दबत थेट हँडलला टेकायचा, आणि सायकल आपल्या मर्जीने पुढे कुठेतरी थांबायची.

माणसांवर याहून मोठी संकटं येतात. बाकीची माणसं अशा वेळी सायकल दुकानात देतात आणि समोर कॉफी पीत बसतात. पण तौनोची सगळी नोकरी औलू नगरपालिकेच्या पाणीखात्यात झाली होती. निम्म्या शहराच्या नळांतली हवा ज्याने काढली, त्याने हातभर नळीतली हवा काढून घ्यायला दुकानात जायचं? निवृत्त झालं म्हणून काय माणसाने सगळंच सोडून द्यायचं?

"हा ब्रेक म्हणजे आहे काय?" तो बायकोला, हिल्काला, समजावून सांगू लागला. "वर एक टाकी, मध्ये एक नळी, खाली एक तोटी. पाण्याच्या जागी तेल, एवढाच फरक. नळीत हवा शिरलीय. खालून नवं तेल भरायचं, वरून हवा काढायची. संपलं."

"आपल्या न्हाणीघराची तोटी उन्हाळ्यापासून गळतेय," हिल्का म्हणाली.

"तो विषय वेगळा."

"तोटीचाच विषय आहे, तौनो."

तौनोने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याने तेल आणलं, दोन सिरिंजा आणल्या, वर लावायचं छोटं नरसाळं आणलं, पारदर्शक नळी आणली आणि दुरुस्तीचा एक व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की त्यातल्या माणसाच्या नखांची काळजी हिल्कालाही वाटू लागली. सगळं जमलं. जागा तेवढी राहिली.

घरात करायचं नाही, हे हिल्काने आधीच सांगून टाकलं होतं. दिवाणखान्यात तिने स्वतः विणलेली चिंध्यांची लांब सतरंजी होती, आणि त्या सतरंजीवर तेलाचा थेंब पडला तर त्याच सतरंजीत तौनोला गुंडाळून बाहेर ठेवण्यात येईल, असं तिने अगदी शांतपणे सांगितलं. बाहेरच्या सायकलींच्या शेडमध्ये जायचं तर थंडी उणे वीसच्याही खाली गेली होती. तिथे उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावला की बोटं तिथेच राहायला जातात. जिन्यात करावं, तर तिथे साधी चप्पलही ठेवायची सोय नाही, आग लागली तर वाट अडते म्हणून. शेवटी तौनो सोसायटीच्या अध्यक्ष पिर्कोबाईंकडे गेला.

पिर्कोबाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि शाळा सुटलीय हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"तळघरातली कपडे वाळवायची खोली मिळेल का? दोन तास?"

"कशासाठी?"

"सायकलचा ब्रेक."

"ती खोली वाळवण्यासाठी आहे."

"सायकल ओली असली तर?"

पिर्कोबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "वाळवायला आणलीत तर हरकत घेता येणार नाही. पण वाळत असताना तिला हात लावायचा नाही."

"मग परवानगी कशी मिळेल?"

"समितीपुढे विषय मांडा. पुढची बैठक बर्फ वितळल्यावर आहे."

बर्फ वितळल्यावर तौनोला कुठल्याच खोलीची गरज पडणार नव्हती, हे त्याने सांगून पाहिलं. पिर्कोबाई म्हणाल्या, मग तर प्रश्नच मिटला.

तो जिना चढत असताना तळमजल्यावरच्या एस्कोने दार उघडलं. एस्को दार नेहमी योगायोगानेच उघडायचा.

"तब्येत कशी आहे, तौनो?"

या इमारतीत कोणी कोणाला तब्येत विचारत नाही. एस्को मात्र तौनोला भेटेल तेव्हा विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघायचा. त्याला कारण होतं. तळघरात सगळ्यांचा मिळून एक सौना, म्हणजे भट्टीवर तापलेल्या दगडांवर पाणी टाकून फळ्यांवर बसून वाफ घ्यायची खोली. प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास. सोमवार-मंगळवार कोणालाही मिळतो, तो काही मिरवायचा विषय नाही. पण शुक्रवार! त्यातही शुक्रवारी सहा! पाचला दगड अजून कच्चे असतात, सातला दुसऱ्याने वापरलेली हवा मिळते. सहाला आठवडा संपलेला, भट्टी ऐन रंगात आलेली आणि समोर अख्खी संध्याकाळ पडलेली. ही पाळी तौनोकडे होती. आधी ती वरच्या लेंपीआजींची होती. त्या मुलीकडे दक्षिणेत राहायला गेल्या, तेव्हा त्यांचं सामान ट्रकमध्ये चढवायला तौनोने जरा जास्तच हौसेने मदत केली, असं लोक म्हणतात. तौनोच्या मागे रांगेत पहिला नंबर एस्कोचा. वाट बघण्यात त्याचे होते नव्हते ते केस गेले होते.

"तब्येत ठीक आहे," तौनो म्हणाला. "ब्रेक आजारी आहे."

एस्कोची निराशा क्षणभर दिसली, पण त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गरम जागी कर. थंडीत तेल मधासारखं होतं, बुडबुडे चिकटून बसतात. चांगलं गरम झालं की आपोआप वर येतात."

"गरम जागा कुठली आणू?"

"मी काय सांगणार बाबा," एस्को म्हणाला आणि दार लावून घेतलं.

तौनो तिसऱ्या पायरीवर थबकला. इमारतीत सगळ्यात गरम जागा त्याच्याच नावावर होती.

हिल्काने हे ऐकलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"सौनाच्या दारावर काय लिहिलंय?"

"ही जागा स्नानासाठी आहे."

"आणि जागेचा गैरवापर केला तर?"

"तर समिती पाळी काढून घेते. पण मी गैरवापर कुठे करतोय? मी स्नानही करणार. सायकल फक्त सोबत असेल."

"हे तुला एस्कोने सुचवलं ना?"

"नाही. एस्को फक्त तेलाबद्दल बोलला."

हिल्काने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं पाणीखात्याचा माणूस फुटायला आलेल्या पाइपाकडे बघतो. पण तौनोच्या मनाने एकदा घेतलं की घेतलं.

शुक्रवारी सहाला त्याने सायकल मागच्या दाराने तळघरात आणली. चाकं पुसली, साखळीला जुना टॉवेल गुंडाळला, सौनाशेजारच्या न्हाणीत नेऊन गरम पाण्याने तिचं बर्फ काढलं. इथपर्यंत तो आपल्यावर खूष होता. पण सौनात कपडे घालून कोणी जात नाही. कपडे घालून सौनात बसलेला माणूस तौनोने जन्मात पाहिला नव्हता, आणि ती सुरुवात आपल्यापासून करायची त्याची तयारी नव्हती. तेव्हा त्याने नियमाप्रमाणे सगळे कपडे उतरवले आणि सायकल कवेत घेऊन आत शिरला.

आत ऐंशी अंश. वरच्या फळीवर हिल्का आधीच बसलेली होती.

"तू बाहेर थांब ना जरा," तौनो म्हणाला.

"का? पाळी घराची आहे. सायकलची नाही."

सायकल खालच्या फळीला टेकवून उभी केली. दोन मिनिटांत हँडल असं तापलं की तौनोला बाहेर जाऊन लोकरीचे हातमोजे आणावे लागले. अंगावर सुताचा धागा नाही आणि हातात लाल लोकरीचे हातमोजे, अशा वेषात नगरपालिकेच्या पाणीखात्याचा माजी पर्यवेक्षक खाली वाकून ब्रेकचा स्क्रू शोधू लागला. चष्म्यावर वाफ बसलेली. चष्मा काढला तर स्क्रू दिसेना, घातला तर सायकलच दिसेना.

"हिल्का, मी खालून तेल ढकलतो. तू वर नरसाळ्यात बघ. बुडबुडा आला की सांग."

"आला."

"मी अजून ढकललं नाहीये."

"तरी आला."

तौनोने सिरिंज दाबली. तेल नळीतून वर चढू लागलं. एस्कोचं खरं होतं. तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं आणि बुडबुडे भराभर सुटत होते.

"आला. गेला. दुसरा आला. हा बारका आहे. आता तीन मिळून आले."

"मोठे की लहान?"

"तौनो, मी इथे घाम काढायला आलेय. बुडबुड्यांची शिरगणती करायला नाही."

शेवटी बुडबुडे थांबले. लिव्हर दाबून पाहिला तर दगडासारखा घट्ट. तौनोचा ऊर भरून आला. इथेच त्याने वरचा स्क्रू लावला असता तर कदाचित एवढं झालं नसतं. पण त्याच्यातला पाणीखात्याचा माणूस जागा झाला. आयुष्यभर त्याने एकच शत्रू पाहिला होता : गोठून फुगणारं पाणी. दर हिवाळ्यात पाणी फुगायचं, पाइप फुटायचे आणि तौनोला रस्ते खणावे लागायचे. ही सायकल बाहेर उणे वीसमध्ये जाणार. मग तेलाला फुगायला जागा नको?

"दुकानवाले हे करत नाहीत," तो अभिमानाने म्हणाला आणि सिरिंजेने थोडं तेल वरून काढून घेतलं.

त्याच क्षणी हिल्काने लाकडी ओगराळं भरून पाणी दगडांवर टाकलं.

"स्स्स्" असा आवाज आला, वाफेची गरम लाट तौनोच्या उघड्या पाठीवर आदळली, तो दचकला आणि हातातली सिरिंज पूर्ण दाबली गेली. तेलाची धार सायकलवरून, हिल्काच्या गुडघ्यावरून थेट भट्टीच्या दगडांवर.

"अगं, पाणी काय टाकतेस!"

"सौना आहे हा! सौनात पाणी टाकतात! गेला अर्धा तास मी सायकलला घाम फुटताना बघतेय!"

तौनोने कसाबसा स्क्रू पिळून लावला. तोवर दगडांमधून निळा धूर निघू लागला होता. आधी बारीक, मग मनापासून. दार उघडलं तसा धूर बाहेरच्या बोळात गेला आणि तिथला आगीचा भोंगा ओरडायला लागला.

सातच्या पाळीच्या केर्टू आणि तिची बहीण आउने दारातच उभ्या होत्या. दोघी सत्तरीच्या पुढच्या, अंगावर झगे, हातात टॉवेल. त्यांच्या मागे एस्को, योगायोगाने. त्याच्या मागे पिर्कोबाई. धुरातून तौनो बाहेर आला. त्याने अब्रू सायकलच्या त्रिकोणामागे झाकून घेतली होती. सायकलचा त्रिकोण किती पोकळ असतो, हे त्याला तेव्हा कळलं.

भोंगा तेवढा बोलत होता.

"हातमोजे छान आहेत," शेवटी केर्टू म्हणाली.

"सायकल आधी बाहेर," पिर्कोबाई म्हणाल्या. "मग कपडे. मग बोलू."

एस्कोने सायकल बाहेर अंगणात नेऊन ठेवायला मदत केली. त्याच्या चालण्यात एक वेगळाच हलकेपणा आला होता. तौनो कपडे घालून बोळातल्या फरशीवरचे तेलाचे डाग घासत बसला आणि पिर्कोबाई दारात उभ्या राहून त्याला नियम सांगत राहिल्या. मध्ये केर्टू आणि आउने धुराची पर्वा न करता आत जाऊन बसल्या, कारण पाळी ती पाळी. अंग लाल करून त्या नुसते टॉवेल गुंडाळून अंगणातल्या बाकावर गार व्हायला बसल्या. हे सगळं होईपर्यंत सायकल बाहेर उणे चोवीस अंशांत उभी होती.

तौनोला एकच आशा उरली होती. ब्रेक चालतो हे सगळ्यांना दाखवायचं. काम झालं असेल तर माणसं खूप काही माफ करतात.

"पिर्कोबाई, एकदा बघा तरी," तो म्हणाला. "नंतर काय ते बोला."

अंगणाला फाटकाकडून उतार आहे. तौनो सायकल घेऊन वर फाटकापाशी गेला. खाली पिर्कोबाई, एस्को, केस पुसत आलेली हिल्का, आणि बाकावर वाफाळणाऱ्या दोन बहिणी. तौनोने पायडल मारलं. पुरेसा वेग आल्यावर, सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे आहेत याची खात्री करून, त्याने ऐटीत लिव्हर दाबला.

लिव्हर हँडलला टेकला. आत काहीच नव्हतं. बटाटासुद्धा नव्हता.

तेव्हा, त्या उतारावर, तौनोला कळलं. पाणी गोठताना फुगतं. तेल बापडं आकसतं. तापून फुगलेलं तेल त्याने भरलं, त्यातलं वर काढून घेतलं, आणि उरलेलं थंडीने आक्रसून बसलं. नोकरीत जे शिकला ते सगळं खरं होतं, फक्त पाण्यापुरतं. हे ज्ञान त्याला झालं आणि मागचा ब्रेक आठवला तेव्हा तो बाकापासून चार हातांवर होता.

"बाजूला व्हा!"

सत्तरीच्या बायका इतक्या चपळ असतात हे कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. आउने डावीकडे उडी मारून बर्फात गेली, केर्टू उजवीकडे. तौनो बाकाला घासून निसटला आणि बाकामागच्या बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत शिरला. बर्फातून तोंड काढलं तेव्हा त्याच्या हँडलला एक निळा टॉवेल गुंडाळलेला होता. मागे केर्टूचा आवाज आला, "तौनो, वर बघू नकोस. टॉवेल मागे दे."

तौनोने मान खाली घालून टॉवेल मागे दिला. त्यानंतर कितीतरी दिवस ती मान वर आली नाही.

बर्फ वितळायची वाट न बघता समितीची बैठक दुसऱ्याच दिवशी भरली. पिर्कोबाईंनी वेलदोड्याचा गोड पाव भाजून आणला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तौनो आणि हिल्का शेजारी शेजारी बसले. हिल्का त्याच्याशी बोलत नव्हती, नुसते पावाचे तुकडे करत होती. शुक्रवारची पाळी गेली तर हिवाळ्यात तिला उरतं काय, हे तौनोला ठाऊक होतं. त्याने पावाला हात लावला नाही.

"दगडांवर पाणी टाकलं की सायकलच्या दुकानात बसल्यासारखा वास येतो," आउने म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," एस्को म्हणाला. "मी तौनोविरुद्ध काही बोलत नाही. माझा मित्र आहे. पण पाळी काढून घ्यावी लागेल. रांगेत पुढे कोण आहे, ते मी सांगत नाही."

"तूच तर म्हणालास गरम जागी कर!" हिल्का कडाडली.

"मी तेलाबद्दल बोललो होतो!"

पिर्कोबाईंनी चष्मा लावून नियम वाचला. गैरवापर झाल्यास पाळी सोसायटीकडे परत येते. एस्कोने खुर्ची पुढे ओढली.

"सोसायटीकडे," पिर्कोबाई म्हणाल्या. "रांगेकडे नाही. तिचं काय करायचं ते सोसायटी ठरवेल."

मग केर्टूने हात वर केला. सगळ्यांना वाटलं, टॉवेलाचा विषय निघणार. ती म्हणाली, "माझ्याही सायकलचा मागचा ब्रेक किंचाळतो. हिवाळ्यात करायला जागाच नाही. तौनो वेडा असेल, पण ऊब लागते हे खरं आहे."

"माझी साखळी," कोणीतरी मागून म्हणालं. "माझं चाक," दुसरं कोणीतरी. लोकांना इतके महिने बोलायचं होतं आणि विषय मिळत नव्हता, असं वाटलं. पिर्कोबाईंचा चेहरा उजळला. सगळ्यांना गैरसोय होईल असा न्याय सापडला की त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

ठरलं ते असं. शुक्रवार सहाचा तास यापुढे सायकलींच्या देखभालीसाठी. दगड गार राहावेत म्हणून पाचची पाळी गुरुवारी सरकवायची आणि सहाच्या तासात भट्टी लावायची नाही, तेल आणि आग पुन्हा एकत्र नकोत. जबाबदार व्यक्ती : तौनो, अनुभव असल्यामुळे. मुदत : पुढील सूचनेपर्यंत. या सोसायटीत पुढील सूचना आजवर कधी निघालेली नाही.

"आणि रांग?" एस्कोने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"रांग आहे तिथेच आहे," पिर्कोबाई म्हणाल्या. "तुमचा नंबरही पहिलाच आहे. फक्त पुढे काही उरलेलं नाही."

केर्टूने हिल्काला आपल्या सातच्या पाळीत यायला सांगितलं. हिल्काने तौनोकडे बघितलंही नाही, लगेच हो म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी सहाला तौनो तळघरात गेला. सायकली आत घ्यायला बाहेरचं दार उघडं ठेवलं होतं, तोंडातून वाफ निघत होती. आत भट्टी गार, दगड गार. केर्टूची सायकल झाली, तशी ती घेऊन निघून गेली. मग बराच वेळ कोणी आलं नाही. काय करावं ते न कळून तौनो सवयीने वरच्या फळीवर जाऊन बसला, कोट-टोपीसकट.

थोड्या वेळाने एस्को सायकल ढकलत आला. ती त्याने खाली टेकवली आणि तौनोशेजारी वर येऊन बसला. त्याने फळीवर हात फिरवला, भिंतीला पाठ टेकून पाहिली.

"शुक्रवारी सहाला इथे बसलं की कसं वाटायचं रे?" त्याने विचारलं.

तौनोने विचार केला. खोटं बोलावंसं वाटलं, पण इथे बसून तो कधी खोटं बोलला नव्हता.

"फार छान," तो म्हणाला.

एस्कोने मान हलवली. दोघं समोरच्या गार दगडांकडे बघत बसले. मग साडेसहाच्या सुमाराला भट्टीत कुठेतरी टक् असा आवाज झाला. सातच्या पाळीसाठी ती आपोआप पेटली होती; समितीचा ठराव तिला कोणी सांगितला नव्हता. दगड हळूहळू तापू लागले. आधी पायांना कळलं, मग गुडघ्यांना. एस्कोने कोटाचं वरचं बटण सोडलं. तौनोने टोपी काढली. हवा अंगाला मऊ लागू लागली. तौनोने डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि खोल श्वास घेतला.

दारावर टकटक झाली. हिल्का, केर्टू आणि आउने झगे घालून उभ्या होत्या.

"उठा," हिल्का म्हणाली. "वेळ झाली."

"आत्ताच कुठे तापतंय, हिल्का. दोन मिनिटं."

"आमची पाळी आहे, तौनो."

तौनोने टोपी चढवली, एस्कोने बटण लावलं, दोघांनी मिळून सायकल उचलली आणि बाहेर आले. मागे दार बंद झालं. आतून दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग हिल्काचा लांब, सुखाचा उसासा.

दोघं काही वेळ त्या बंद दाराकडे बघत उभे राहिले.

"पुढच्या शुक्रवारी?" एस्कोने विचारलं.

"सहाला," तौनो म्हणाला. "आतून स्वेटर घालून ये."